रिकामा खुबा

पू झालेला कृत्रिम खुबा काढणं अवघड असतं, पण ते हाताचं काम आहे. करत करत जमतं. मला छळतो तो त्यानंतरचा प्रश्न. अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा, म्हणजे स्पेसर, बसवला, जखम कोरडी झाली, सूज दाखवणारी सीआरपी ही रक्ततपासणी उतरली. आता आत जंतू उरले नाहीत, असं कशावरून म्हणायचं? परक्या वस्तूला चिकटून साय धरलेले जंतू रक्ततपासणीत सापडतीलच असं नाही. कल्चरमध्ये काही उगवलं नाही, तर ते औषधाने नुसते दबलेलेही असू शकतात. डेप्यू कंपनीने 2010 मध्ये परत मागवलेल्या, धातूवर धातू घासणाऱ्या एएसआर सांध्यांनी यात आणखी घोळ घातला: धातूच्या कणांमुळे साचलेलं पाणी पुवासारखं दिसतं आणि पेशींची यंत्रावरची मोजणी फसते. तेव्हा नवा सांधा बसवण्याचा निर्णय पुराव्याइतकाच आशेवर चालतो. त्या आशेत माझी हौसही असते, हे नाकारत नाही. एक्स-रेत चेंडू वाटीत बसलेला दिसला की तो परिषदेत दाखवता येतो. रिकामा खुबा कोण दाखवतं?

हॅम्बुर्गच्या बुखहोल्झ यांनी एकाच बैठकीत जुना सांधा काढून नवा बसवण्याची पद्धत रूढ केली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटन आणि स्वीडनमधल्या 140 रुग्णांच्या चाचणीत अठरा महिन्यांनी ही एका टप्प्याची आणि स्पेसर ठेवून करायची दोन टप्प्यांची, अशा दोन्ही पद्धतींचे रुग्ण दुखणं आणि हालचाल यांत सारखेच आढळले. तरी हाड झिजलेलं, पुन्हा पू झालेला, वयाने थकलेला रुग्ण समोर आला की एक टप्पा की दोन, हा वाद बाजूला पडतो. तिथे सांधा काढून जागा रिकामी ठेवण्याची गर्डलस्टोन शस्त्रक्रिया पराभव म्हणून शेवटी न काढता आधीच सांगावी, असं माझं मत आहे. ऑक्सफर्डच्या गर्डलस्टोन यांनी 1943 मध्ये ती मांडली ती पू वाहून जावा म्हणूनच. कृत्रिम सांध्याशी तिचा तेव्हा संबंध नव्हता.

आक्षेप खरे आहेत. पाय तीन-पाच सेंटिमीटर आखूड होतो, बूट उंच करावा लागतो, काठी सहसा सुटत नाही, चालताना दम लागतो. नवी मुंबईत वाशी-नेरुळच्या लिफ्ट नसलेल्या सिडको इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला हे फार महागात पडतं. त्याला मी आग्रह करणार नाही, धडधाकट चाळिशीतल्यालाही नाही. पण तळमजल्यावरच्या आजींना अनेकदा मांडी घालून बसता येतं, आणि अंगात जंतूंना धरून बसायला परकी वस्तू उरत नाही. हे स्पेसर बसवण्याआधीच विचारायला हवं. एकदा तो बसला की घरच्यांच्या लेखी अर्धं काम झालेलं असतं, आणि दुसरा टप्पा कोणी नाकारत नाही, आम्ही तर नाहीच.