लिंबाचा वाटा

निपाणीत माघ लागला की हवेचा काही नेम राहत नाही. पहाटे ओट्यावर पाय घसरावा इतके दव, अकराला उन्हाचा चटका, आणि चारच्या सुमारास ढग. मग आंब्याच्या मोहोराच्या काळजीने आमचे हे अंगणात फेऱ्या मारतात. शिवारात तंबाखू वाळत पडलेली असते. पहाटेच्या दवाने पान मऊ असते तोवरच ती गोळा करायची, उन्हात चुरा होतो. म्हणून दव सगळ्यांना हवे असते, ढग कोणालाच नको.

फुलपाखरांनाही नको. त्यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ऊन खाल्ल्याशिवाय उडता येत नाही. न्हाणीमागे एकदांडीवर ती पंख पसरून बसतात, तेव्हा मी चहाचा कप घेऊन तिथेच उभी असते. एकदांडी, आंबुशी, सहदेवी यांतले काहीच मी लावलेले नाही. कुंडीतला महागाचा गुलाब सोडून ती या फुकटच्या फुलांवर जातात, याची मला गंमत वाटते.

पेच आहे तो लिंबाचा. झाड एकच, घरच्या सरबतापुरते. त्याच्या कोवळ्या पालवीवर लिंबाचे फुलपाखरू अंडी घालते. आधी पायांनी पान चाचपते; चव त्याला पायांनीच कळते. फुलपाखरू चतुरिंद्रिय हे पाठशाळेत शिकले होते, पण रसना पायात असते हे पंडितजींनी सांगितले नव्हते! अळी लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी. बोट लावले तर शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते.

खुरपायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आक्का, तंबाखूचं पाणी मारूया की. दोन दिसात समद्या मरत्यात बगा."

मी नको म्हटले.

"मग लिंबं खायची न्हाईत व्हय?"

प्रश्न रास्त होता. अष्टमी-चतुर्दशीला मी हिरवी भाजी चिरत नाही, पण इतर दिवशी चिरतेच. अळीसाठी झाडाचा जीव पणाला लावायचा, तर ही अहिंसा नेमकी कोणाची? आमच्या ह्यांनी तर सरळच विचारले, "आणि शेतात फवारणी होते ती?" शेत त्यांचे, अंगण माझे, असे म्हणून मी वेळ मारून नेली. वरच्या फांद्या आमच्या, खालच्या अळ्यांच्या, असा करारही मनातल्या मनात केला आहे. अळ्यांना तो ठाऊक नाही.

पावसाळ्यानंतर कधीकधी याच झाडावर राणी पाकोळी येते. काळी, पंखांवर निळी झळाळी. महाराष्ट्राने २०१५ साली तिला राज्य फुलपाखरू केले. अंडी मात्र ती कर्नाटकातल्या माझ्या लिंबावर घालून जाते. सीमावाद तिच्यापर्यंत पोचलेला दिसत नाही.

सध्या खालच्या फांदीला तीन कोश आहेत. एकाचे कवच पातळ होऊन आतली काळी-पिवळी नक्षी दिसू लागली आहे, आणि नेमके दोन दिवस आभाळ भरलेले. त्या फांदीखाली झाडू नका, असे मी मावशींना बजावले. त्यांनी वर बघितले आणि म्हणाल्या, "उद्या ऊन पडंल, आक्का."