जांबेची वाट

“जालन्याला पाहण्यासारखे आहे तरी काय हो?” निघण्यापूर्वी ठाण्यात मला तिघांनी हा प्रश्न विचारला. चौथ्या गृहस्थांनी विचारले नाही, सांगूनच टाकले, “लोखंडी सळया!” माझ्यापाशी उत्तर होते, पण ते चारचौघांत देण्यासारखे नव्हते. जालना जिल्ह्यात अंबडला माझ्या पत्नीचे माहेर आहे आणि तीन वर्षांत तिने ते पाहिले नव्हते. खरे सांगायचे तर मीच पाहू दिले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी हिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळी गेली. सहा महिन्यांत पाय काठीच्या आधाराने चालू लागला, हात जेमतेम उचलू लागला, शब्द मात्र परत आले ते मोजके, तेही एकेक करून. झाले ते झाले, आता यापुढे बरेच होणार, असे म्हणून मी निःश्वास टाकला आणि आठव्या महिन्यात पहिली फिट आली. जेवता जेवता हिची उजवी मूठ आवळली, मान वळली, डोळे एका बाजूला गेले आणि सारे अंग थडथडू लागले. जीभ चावली जाईल म्हणून मी घाबरून दातांत चमचा घातला. दातखीळ काही सुटली नाही, पुढचा दात मात्र तुटला.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितले. रक्त न मिळाल्याने मेंदूचा जो भाग मरतो तिथे वण राहतो. त्या वणाच्या कडेच्या पेशी मधूनच एकदम विजेचा कल्लोळ करतात, तीच फिट. झटक्यानंतर पहिल्या आठवड्यात येणारी फिट निराळी. महिन्यांनी येते ती पुन्हा येण्याचा संभव मोठा, म्हणून गोळ्या रोज, ठरल्या वेळी, एकही न चुकवता. फिट आली तर तोंडात काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, डोक्याखाली मऊ काही सरकवावे, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात औषधाचा फवारा मारायचा आणि थेट रुग्णालय गाठायचे.

एवढे ऐकून मी शहाणा व्हायला हवे होते. मी झालो पहारेकरी. न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढली, ते ठीकच होते. पण पुढे गॅसपाशी जायचे नाही, गॅलरीत उभे राहायचे नाही, लग्नकार्याला जायचे नाही, पाहुण्यांत फार बसायचे नाही, अशी कलमे वाढत गेली. रात्री हिने कूस बदलली तरी मी उठून बसे. याच दिवसांत लेनिनच्या अखेरच्या काळाविषयी वाचले. मार्च १९२३ मधल्या झटक्याने त्याची वाचा गेली. पत्नी क्रुप्सकाया त्याला मुलाला शिकवावे तसे पुन्हा बोलायला शिकवीत होती. जानेवारी १९२४ मध्ये तो गेला तो असेच आचके येऊन. एवढ्या मोठ्या देशाचा धनी, पण उशाशी शिकवायला बसली ती बायकोच. मी मात्र शिकवणे सोडून नुसती राखण करीत होतो.

एके दिवशी मी गॅलरीचे दार लावीत असताना हिने माझ्याकडे पाहिले, बराच वेळ शब्द शोधला आणि म्हणाली, “तुरुंग.” तो पूर्ण दिवस मला जेवण गेले नाही. संध्याकाळी आणखी दोन शब्द मिळाले : “अंबड” आणि “जांब.”

डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “फिट यायची तर ठाण्यातही येईल आणि जालन्यातही येईल. तयारीने जा.”

तयारी केली. रात्रीची गाडी सोयीची, पण झोपमोड हे फिटेला आमंत्रण. म्हणून दिवसाची वंदे भारत घेतली. मुंबई-जालना अशी ही गाडी डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये नांदेडपर्यंत गेली. गोळ्यांची एक पुडी माझ्या खिशात, एक हिच्या पिशवीत. पिशवीत एक कागदही, त्यावर आजाराचे नाव, गोळ्यांची नावे, माझा आणि डॉक्टरांचा फोन. दुपारी ठाण्याला बसलो. कसाऱ्याचा घाट मागे पडला, मनमाड गेले, काळी जमीन दिसू लागली तशी ही खिडकीला टेकून बसली ती जालना येईपर्यंत हलली नाही. रात्री आठची गोळी मी गाडीतच दिली. शेजारच्या गृहस्थांनी काय झाले म्हणून विचारले आणि मी प्रथमच, आवाज न उतरवता, सांगून टाकले.

“जालना सोने का पालना” अशी या गावाची जुनी म्हण आहे. सकाळी रिक्षाने तो पाळणा पाहिला. कुंडलिका नदीने गावाचे दोन भाग केले आहेत, एकीकडे जुना जालना आणि दुसरीकडे कादराबाद. मोती तलावाच्या काठी ही पंधरा मिनिटे वारा खात बसली. ठाण्याच्या गृहस्थांच्या सळयाही आहेत, त्यांचे कारखाने आहेत. पण जालन्याचे खरे सोने बियाण्यात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

तिथून दक्षिणेला अंबड. आमचे लग्न १९८० सालचे. तेव्हा हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्यामुळे माझे सासर एका जिल्ह्यातून उठून दुसऱ्या जिल्ह्यात गेले, असे मी गमतीने म्हणतो. वाड्याच्या दारात वहिनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हिला पोटाशी धरले. दोघींना रडायला शब्द लागत नव्हते.

मत्स्योदरी देवीची टेकडी माशाच्या आकाराची. पायऱ्या चढणे शक्य नव्हते, म्हणून पायथ्याशी खुर्ची टाकून हिने खालूनच हात जोडले. मेहुण्यांनी मोसंबीची बाग दाखवली. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण मेहुणे बोलले ते २०१२-१३ च्या दुष्काळाविषयी. विकतच्या टँकरने झाडे जगवली, तरी निम्मी गेली. “उरलेल्यांना मग रोज जाऊन पाहायचो,” ते म्हणाले, “पण भावजी, पाहून झाड जगत नाही. त्याला पाणी लागतं, ऊनही लागतं.” ते झाडांविषयीच बोलत होते. मला मात्र आमची बंद गॅलरी आठवली.

तिसऱ्या दिवशी घनसावंगीवरून जांबेला निघालो. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव. इथे सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी १६०८ मध्ये नारायण जन्मला. ही लहानपणी रामनवमीला बैलगाडीने इथे येई. बोहल्यावर “सावधान” हा शब्द ऐकताच नारायण मंडपातून पळाला, ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या लग्नात हिच्या काकांनी मंगलाष्टकांच्या वेळी मांडवाचे दार अडवून धरले होते. “आमच्या मुलखातले नवरे पळतात, सांभाळा!” असे ते ओरडले आणि सारा मांडव हसला होता.

देवळातल्या समर्थांच्या पूजेतल्या म्हणून मानलेल्या मूर्ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये चोरीला गेल्या होत्या. दोन-अडीच महिन्यांनी पोलिसांनी त्या शोधून आणल्या. त्यांचे दर्शन घेऊन ही सभामंडपात टेकली आणि तिथेच तिची उजवी मूठ आवळली.

मी तिला कुशीवर वळवले, शाल डोक्याखाली दिली, घड्याळ पाहिले. गर्दी जमली. एकाने पायातली वहाण काढून नाकाशी आणली, एक बाई फोडलेला कांदा घेऊन धावली. दोघांच्याही मनात मायाच होती. मी हात जोडून म्हटले, “काही नको, नुसता वारा येऊ द्या.” तेवढ्यात गर्दीतून गावची आशाताई पुढे आली. तिने वहाण बाजूला सारली, माणसे मागे हटवली आणि माझ्याजवळ बसून मोठ्याने मिनिटे मोजू लागली. एक... दोन... अडीच मिनिटांनी अंग सैल पडले. फवारा खिशातच राहिला.

पण पुढचे कठीण होते. जाग आली तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडून एक शब्दही फुटत नव्हता. फिटेनंतर काही तास, कधी दिवसभरही, असे होते. एकोणिसाव्या शतकातल्या टॉड नावाच्या डॉक्टराच्या नावाने ते ओळखतात. पण दुसरा झटका आणि हे यांत फरक कळावा कसा? आपल्या मनाने ठरवायचे नाही, एवढे मी शिकलो होतो. गाडी काढून जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब, साखर पाहिली, ठाण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या आणि म्हणाल्या, “बोटे हलू लागली आहेत. इथे थांबा, मी दर अर्ध्या तासाने पाहते. उलट दिशेने गेले तर लगेच जालन्याला हलवू.”

चार तास मी त्या बाकावर बसलो. समर्थ चोवीस वर्षांनी जांबेला परतले तेव्हा वाट पाहून आईची, राणूबाईंची, दृष्टी गेली होती, असे सांगतात. पळून जाणाऱ्याची कथा आपण सांगतो, मागे राहून वाट पाहणारीची सांगत नाही. आणि मला वाटले, बोहल्यावरचा तो शब्द तर सगळ्यांनाच ऐकू येतो. जो पळत नाही, त्याने तो जन्मभर पाळायचा. पण सावध असणे म्हणजे दारे लावणे नव्हे, हे मला कळायला तीन वर्षे लागली.

दिवेलागणीला हात उचलला गेला. डॉक्टरीणबाईंनी जायला हरकत नाही म्हटले. अंबडच्या वाड्यात वहिनींनी देवापाशी दिवा लावला आणि नेहमीप्रमाणे मनाचे श्लोक म्हणू लागल्या. दुसऱ्या श्लोकाला त्यांच्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. ही म्हणत होती. अडखळत नव्हे, ठेक्यात, ओळीमागून ओळ! रोजचे बोलणे गेले तरी पाठांतर आणि गाणी पुष्कळांची शाबूत राहतात, असे डॉक्टर म्हणाले होते. (शिव्याही राहतात, असे ते म्हणाले होते, त्याचा अनुभव मला होता.) हा चमत्कार नव्हता. दुसऱ्या दिवशी पाणी मागायला हिला पुन्हा तेवढाच वेळ लागला. पण तीन वर्षे मी घरात एकदाही सांजवात लावून श्लोक म्हटले नव्हते, हे मला त्या रात्री झोपेपर्यंत टोचत राहिले.

परतीच्या गाडीत ही बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. मग म्हणाली, “पळाला... नाहीत.”

“काकांनी दार अडवले होते ना!” मी म्हटले. ही हसली. तुटका दात दिसला.

आता आमच्या गॅलरीचे दार उघडे असते आणि संध्याकाळी आम्ही दोघे श्लोक म्हणतो. राजूरचा गणपती मात्र या खेपेला राहिला. जालन्याहून जवळच आहे. पुढल्या माघात जायचे ठरवले आहे आणि गाडीची चौकशी हिनेच मला करायला लावली आहे.