पडदा पडल्यानंतरही

केळशी, चैत्रातली रात्र.

महालक्ष्मीच्या दर्शनाहून आले आणि पडवीत दिवा मालवून नाट्यपदं लावली. मागे समुद्राची गाज, पुढे ऑर्गनचे सूर. आधी बालगंधर्व. त्यांची तान कधी धावत नाही. शब्दाचा अर्थ सांभाळत अलगद उतरते. मग मास्टर दीनानाथ, एकदम वीज लखलखावी तसे.

मन मात्र ८ जुलै १९२१ च्या मुंबईत गेलं. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला ‘संयुक्त मानापमान’ या संगीत नाटकाचा प्रयोग. केशवराव भोसले धैर्यधराच्या, बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत. दोन वेगळ्या नाटक कंपन्यांचे मालक, दोघांचेही चाहते हट्टी. तरी त्या रात्री सगळे एकाच गाण्याचे झाले. तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

ते दोघे समोरासमोर कसे गायले असतील, हे मला कधीच ऐकता येणार नाही. तरी ती मैफल माझी आहे, असंच वाटतं. चाहता होणं म्हणजे हेच असावं: न ऐकलेल्या सुरांचीही ओढ जपणं.

सुरूच्या बनातून वारा आला. पद संपलं होतं. मी तशीच बसून राहिले.