नातं : गाडीवाला

सोनगीरला आबांच्या माडीवर भाड्याने राहत होतो तेव्हा मला गजर लावावा लागला नाही. तांबडं फुटायच्या आत खाली मठारकाम सुरू व्हायचं. पितळेच्या हंड्यावर हातोडीचे ठोके घालता घालता आबांचे कान गेले होते. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. त्यामुळे माझा पगार कधी झाला नि घरचं पत्र आलं की नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असे.

एमबीबीएसनंतरचा वर्षाचा बाँड मी तिकडच्या, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात करत होतो. तीस हजार लोकांमागे एक केंद्र, हा सरकारी हिशेब. महामार्गावरून रात्रंदिवस जाणारे लोक त्या तीस हजारांत धरत नाहीत. रात्री केंद्रात मी, एक सिस्टर, एक शिपाई आणि चालकासकट एक रुग्णवाहिका.

डिसेंबर 2013. सारंगखेड्याची दत्तजयंतीची जत्रा तोंडावर आली होती. 108 क्रमांकाच्या गाड्या पुढच्या महिन्यात सुरू व्हायच्या होत्या. रात्री अकराच्या सुमाराला एक बाई बाळंत झाली. वार पडली, पण गर्भाशय घट्ट होईना आणि रक्त थांबेना. ऑक्सिटोसिन दिलं, पोट चोळून सिस्टरचे हात भरून आले. रक्त धुळ्यालाच मिळणार होतं. गाडी काढायला सांगितली, तेवढ्यात एका ट्रकवाल्याने रस्त्यावर सापडलेला माणूस आणून टाकला. सेंधव्याकडचा मजूर, कुठल्या तरी गाडीने उडवलेला. एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली. सोबत सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा, आणि तोही बोलेनासा.

1989 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की अपघातातल्या माणसावर आधी उपचार करायचे, पोलिसांचं नंतर. ते मी केलं. सलाइन लावलं, श्वास मोकळा केला. पण पुढे डोक्याचा सर्जन हवा होता. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली त्यांत धुळे होतं. तेव्हा दीड लाखापर्यंतचे उपचार फुकट. मात्र रेशनकार्ड महाराष्ट्राचं हवं. याचं असलंच, तर मध्य प्रदेशातलं.

बाळंतिणीला आधी न्यायची, यात माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण गाडीत स्ट्रेचरशेजारी बाक होता. त्यावर मजुराला आडवा घालता आला असता. त्या बाकावर तिच्या घरची तिघं आधीच चढून बसली होती, आणि खाली पंधरा-वीस माणसं "लवकर, लवकर" करत उभी होती. त्यांनी कुणी माझ्यावर हात उगारला नव्हता, शिवी दिली नव्हती. दोघांना खाली उतरा म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. गाडी गेली.

मलाही निघता येईना, कारण आत दुसरी बाई कळा देत होती आणि सिस्टर गाडीबरोबर गेली होती. आबांच्या सुनेला फोन केला. जत्रेच्या मालाने भरलेला त्यांचा छोटा हत्ती दाराशी उभा होता, पहाटे निघायचा म्हणून. हंडे, कळशा, पराती, सगळं रस्त्यावरच उतरवून आबा आले. गवत, त्यावर गोणपाट, त्यावर माझं ब्लँकेट. पोरगा उशाशी सलाइन धरून बसला. आबांनी एवढंच विचारलं, "याना कोन शे?" मी मान हलवली. ते स्टिअरिंगवर बसले.

धुळ्याहून ते दोन दिवस आलेच नाहीत. बाळंतीण वाचली. मजूर दुसऱ्या रात्री गेला. बाकावर आला असता तर वाचला असता का? वैद्यकशास्त्र विचाराल तर बहुधा नाही. ते उत्तर मी स्वतःला पुष्कळदा दिलं आहे.

त्या दोन दिवसांत जिथे सही लागली तिथे आबांनी केली होती. पोरगा अज्ञान, दुसरं कुणी नाही. एका कागदावर "रुग्णाशी नातं" असा रकाना होता. तिथे आबांनी लिहिलं, गाडीवाला. हे त्यांनीच मला हसत सांगितलं, आणि मग हसू आवरून म्हणाले की दुसरं काय लिहायचं होतं?

जत्रेचे पहिले दोन दिवस बुडाले ते बुडालेच. मी भाडं द्यायला गेलो तर त्यांनी डिझेलचे पैसे तेवढे मोजून घेतले आणि उरलेली नोट परत केली. उतरवताना चेपलेला एक हंडा मी मागितला, तोही मोडीच्या भावाने दिला. फुकट देणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

2017 च्या मार्चमध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने बेदम मारलं. अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण होता आणि मेंदूचा सर्जन नव्हता. रुग्णाला दुसरीकडे न्यायला सांगितलं, म्हणून. डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा 2010 पासून होता. रिकाम्या जागांवर सर्जन बसवणारा कायदा मात्र कुणी केलेला नव्हता. मी तेव्हा पुण्यात होतो. बातमी वाचून वॉर्डातूनच सोनगीरला फोन लावला, का ते नीट सांगता येणार नाही. सुनेने फोन आबांच्या कानाला लावला.

बातमी त्यांना कळली होती. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "तू घाबरना व्हता का रे त्या रातले?"

"हो," मी म्हणालो.

"काय?"

मग मला ओरडावं लागलं. वॉर्डातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.