कोट दोरचा उतार

फ्रान्समधलं दिजाँ सोडून दक्षिणेकडे बोनच्या वाटेला लागलं, की उजव्या हाताला एक बुटकी टेकडी सोबतीला येते आणि शेवटपर्यंत साथ सोडत नाही. तिचा पूर्वेकडचा उतार म्हणजे कोट दोर. लांबी साधारण 50 किलोमीटर, रुंदी मात्र काही ठिकाणी जेमतेम किलोमीटरभर. वाइनचे जाणकार ज्या बर्गंडीचं नाव आदरानं घेतात, तिची सगळ्यात नावाजलेली रानं या चिंचोळ्या पट्टीत आहेत. तांबड्या वाइनसाठी पिनो न्वार, पांढरीसाठी शार्डोने. मुख्य वाणं ही दोनच. तरीही बांधाच्या अलीकडची वाइन पलीकडच्या वाइनसारखी लागत नाही. असं का, ते बाटल्यांच्या दुकानात उभं राहून कळत नाही. पायी हिंडावं लागतं.

मी हिंडलो ते जानेवारीत. वेलींवर एक पान नव्हतं, त्यामुळे जमीन उघडी दिसत होती. व्होन-रोमाने गावामागच्या चढावर रस्त्याकडेची माती हातात घेतली. तांबूस तपकिरी, बोटांना चिकटणारी, आणि तिच्यात नखाएवढे चुनखडीचे पांढरे तुकडे. ही चुनखडी ज्युरासिक काळातल्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेली. टेकडीच्या माथ्याकडे मातीचा थर इतका पातळ, की खडक वर येतो. पायथ्याशी पावसानं वाहून आणलेली माती खोल आणि कसदार. आपल्याकडचा शेतकरी डोळे झाकून पायथ्याची जमीन मागेल. इथे सगळ्यात मोल आहे ते मधल्या पट्ट्याला. तिथे पाण्याचा निचरा होतो, सकाळचं ऊन लवकर पोचतं, आणि वेलीला पाणी शोधत मुळं खडकाच्या भेगांत घालावी लागतात. घड लहान राहतात, रस दाट उतरतो. रोमाने-काँतीचं रान याच पट्ट्यात आहे. जेमतेम साडेचार एकर, कडेला बुटकी दगडी भिंत आणि एक साधा दगडी क्रूस. जगातल्या सर्वांत महाग वाइनपैकी एक इथे पिकते, आणि तिथे कमान नाही की भपका नाही. मला त्या जागेबद्दल फार आदर वाटला.

अशा प्रत्येक रानाला स्वतःची हद्द आणि स्वतःचं नाव आहे. त्यांना क्लिमा म्हणतात. युनेस्कोनं 2015 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते 1,247 क्लिमा. या हद्दी कुणा एकानं आखलेल्या नाहीत. सीतोचा मठ 1098 मध्ये स्थापन झाला. तिथल्या साधूंनी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसून, वाइन चाखून, कुठल्या तुकड्यात काय उतरतं ते ओळखलं. क्लो द वूजो हा त्यांचा सगळ्यात मोठा मळा, सुमारे सव्वाशे एकर, चहूबाजूंनी भिंत घातलेला. राज्यक्रांतीत तो मठाच्या हातून गेला. 1889 पर्यंत एकसंध राहिला, मग तुकड्यांनी विकला गेला, पुढे वाटण्याही होत गेल्या. आज त्या एका भिंतीच्या आत सुमारे 80 मालक आहेत. वरच्या अंगाला, जुन्या वाड्यालगतची जमीन हलकी आणि निचऱ्याची. खाली हमरस्त्यापाशी चिकणमाती, पाणी धरून ठेवणारी. कायद्यानं दोन्हींचा दर्जा मात्र एकच, सगळ्यात वरचा, ग्राँ क्र्यू. माझं स्पष्ट मत आहे, की हा दर्जा जमिनीपेक्षा त्या भिंतीला मिळाला आहे. इथली बाटली घेताना रानाचं नाव वाचून थांबू नये, ते कसणाऱ्याचं नावही बघावं.

कसणं म्हणजे काय, ते हिवाळ्यातच नीट दिसतं. पोमारजवळ एक बाई छाटणी करत होत्या. वेल कंबरेच्याही खाली, त्यामुळे सगळं काम वाकून. प्रत्येक वेलीपुढे त्या क्षणभर थांबायच्या. गेल्या हंगामातल्या काड्यांमधून एक निवडायची, तिच्यावर मोजके डोळे राखायचे, पुढच्या वर्षासाठी दोन डोळ्यांची एक आखूड काडी बाजूला ठेवायची, बाकीचं सगळं कात्रीनं उडवायचं. छाटलेल्या काड्या पत्र्याच्या पिंपापासून केलेल्या हातगाडीत जळत होत्या. मधूनच त्या हात शेकून घेत आणि गाडी चार पावलं पुढे ढकलत. कुठली काडी राखायची हे ठरवायला त्यांना दोन श्वासांपेक्षा जास्त वेळ लागत नव्हता, आणि त्या निवडीवर त्या वेलीचं पुढचं सगळं वर्ष अवलंबून.

बोन शहरात तर वाइन आणि माणुसकी एकाच इमारतीत भेटतात. बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन यांनी 1443 मध्ये गरिबांसाठी हे इस्पितळ स्थापन केलं. वर रंगीत कौलांचं नक्षीदार छप्पर, आत लांबलचक दालनात दोन्ही भिंतींना लाल पडद्यांच्या खाटा. लोकांनी इस्पितळाला मळे दान दिले. त्या मळ्यांची वाइन 1859 पासून लिलावात विकली जाते. हा लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी भरतो आणि त्याचा पैसा रुग्णसेवेला जातो. जुन्या इमारतीत 1971 पर्यंत रुग्ण होते.

याच बोनमध्ये द्राक्षतोडणी कधी सुरू झाली, याच्या नोंदी 1354 पासूनच्या सापडतात. त्या तपासणाऱ्या अभ्यासकांना दिसलं, की 1988 पासून तोडणी सरासरी 13 दिवस आधी येते आहे. हिवाळा ऊबदार गेला, की डोळे लवकर फुटतात आणि एप्रिलच्या कडाक्यात सापडतात. 2021 मध्ये तेच झालं. रात्री ओळींमधून मोठाल्या मेणबत्त्या पेटवूनही पुष्कळ कोंब करपले. साधूंपासून चालत आलेली ही सारी जाण थंड हवेत घडलेली आहे. उतारावरचा मधला पट्टा पुढच्या पिढीलाही असाच फळ देईल का, याची मला मनापासून काळजी वाटते.

बोनपासून सांतनेपर्यंत मळ्यांमधून जाणारी सुमारे 22 किलोमीटरची सायकलवाट आहे. पोमार, व्होलने, मर्सो ही गावं तिच्यावरच लागतात. तिकडे जाणार असाल, तर आधी ही वाट धरा. वाइनची चव संध्याकाळी घ्या.