बारा घरांची सूर्यमाला

मला दोन सूर्यमाला माहीत आहेत. एक शाळेतली. मध्ये सूर्य, भोवती ग्रह. आमच्या वेळी नऊ होते, 2006 मध्ये प्लूटोचं तिकीट कापलं गेलं आणि आठ उरले. दुसरी आमच्या साताऱ्याच्या घरी कपाटात असते, एलआयसीच्या पॉलिसीशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. हिला म्हणायचं पत्रिका!

या दुसरीत मध्ये कोणीच नाही. बारा घरं आणि नऊ ग्रह. सूर्य तारा असूनही ग्रह, चंद्र उपग्रह असूनही ग्रह. राहू-केतू तर वस्तूच नाहीत, नुसते दोन बिंदू. चंद्राचा रस्ता सूर्याच्या रस्त्याला आकाशात दोन ठिकाणी छेदतो, ती ही दोन ठिकाणं. ग्रहणं त्यांच्या आसपासच होतात, म्हणून बिचारे बदनाम. आणि जिच्यावर राहून आपण कांदेपोहे खातो, ती पृथ्वी या यादीत नाहीच.

मी पुण्यात आयटीत काम करते. त्यामुळे या काल्पनिक सूर्यमालेशी माझं काही देणंघेणं नाही, असा माझा समज होता. पण तिचं माझ्याशी होतं. मिथुन लग्न, अष्टमात मकरेचा मंगळ. म्हणजे मी मंगळाची! दोन वर्षांत सात स्थळं आली. त्यातली पाच मला न बघताच गेली. फोटो बघून नाही म्हणाले असते तरी चाललं असतं हो, निदान फोटो माझा होता.

मग मी एका रविवारी गणित केलं. (आयटीतली माणसं रागावली की एक्सेल उघडतात.) आपल्याकडे मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की दोष. बारापैकी पाच घरं. म्हणजे ढोबळमानाने शंभरातली बेचाळीस माणसं मंगळाची! तुमच्या क्यूबिकलच्या रांगेत नजर टाका. दहाजण असतील तर चारजण घातक आहेत. म्हणून तर अपवादांची, म्हणजे परिहारांची, भलीमोठी यादी आहे. नाहीतर महाराष्ट्रात मांडववाल्यांचा धंदाच बसला असता.

बाबांनी गणित केलं नाही. त्यांनी उपाय केला. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते आणि माझा जन्म मिथुन लग्न लागल्यावर थोड्याच वेळाने झालेला. जन्मवेळ वीस मिनिटं मागे घेतली की लग्न वृषभ आणि मंगळ बिनधोक नवव्या घरात. अशी एक नवी कोरी पत्रिका कपाटात आली. बाबा म्हणाले, ‘‘अगं, सगळेच करतात.’’ खरंच करतात. तुमच्या ओळखीत विचारून बघा, फक्त जेवण झाल्यावर विचारा.

याच सुमारास मला ऑफिसातला एक मुलगा आवडू लागला. सांगलीचा. भडंग आणतो, कमी बोलतो, कोड रिव्ह्यूत मात्र बोलतो. आम्ही ठरवलं आणि विश्रामबागेतून त्याच्या आईचा फोन आला. आवाज गोड, वाक्य एकच, ‘‘पत्रिका तेवढी पाठव हं.’’

आता साताऱ्याच्या मुलीला या विषयात बाजू घ्यायची तर नाव शोधायला लांब जावं लागत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या गावचे. शिकले मात्र सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि मिरजेच्या मेडिकल कॉलेजात, म्हणजे दोन्ही गावांचा जावई शोभावा असा माणूस. 2008 साली त्यांनी, डॉ. जयंत नारळीकरांनी, संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत ज्योतिषाची सरळ परीक्षाच घेतली. दोनशे पत्रिका जमवल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस द्यायच्या, कुठली कोणाची ते त्याने ओळखायचं. पास व्हायला अठ्ठावीस बरोबर हवीत. सत्तावीस जणांची उत्तरं आली. सर्वात जास्त गुण चोवीस, सरासरी सतराच्या थोडी वर. नाणं उडवलं असतं तरी सरासरी वीस आले असते! 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे सगळं छापून आलं. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. नारळीकर 2025 मध्ये गेले. आमच्या कपाटातली पिशवी ठणठणीत आहे.

दरम्यान खऱ्या आकाशात, दुसऱ्या ताऱ्यांभोवती, सहा हजारांहून जास्त ग्रह सापडलेत. त्यातल्या एकाला 2019 मध्ये भारताने नाव दिलं, संतमस. त्याच्या ताऱ्याचं नाव बिभा, शास्त्रज्ञ बिभा चौधुरींवरून. संतमस साधारण दोन दिवसांत आपल्या ताऱ्याभोवती फेरी मारतो. आपला शनी त्या वेगाने फिरला असता तर साडेसाती तेरा तासांत आटपली असती. ऑफिसचा एक दिवस, ट्रॅफिक धरून.

हे सगळं काकूंना समजावायचं, असं ठरवून मी सांगलीला गेले. पर्समध्ये खरी पत्रिका होती. दुसरी मी घेतलीच नव्हती. एका घरात जायचं आणि सुरुवात वीस मिनिटांच्या थापेने करायची, हे काही मला झेपणारं नव्हतं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

काकूंनी चहा दिला. मी शंभरातले बेचाळीस सांगितले, चाळीसपैकी सतरा सांगितले. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाल्या, ‘‘आमचे चौतीस गुण जुळले होते बाळा. छत्तीसपैकी चौतीस.’’

काका गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, हे मला माहीत होतं.

‘‘म्हणजे तुमचाही विश्वास उडालाय ना?’’ मी विचारलं.

‘‘विश्वासाचं कोण बोलतंय? हे गेले तेव्हा मला कोणी बोट लावलं नाही. सासूबाईंनी नाही, जावांनी नाही. पत्रिका चोख होती ना! शेजारच्या वहिनींचे मिस्टर त्याच वर्षी गेले. त्या मंगळाच्या. त्यांना काय काय ऐकावं लागलं ते मी या खिडकीतून ऐकलंय.’’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘उद्या तो नुसता गाडीवरून पडला तरी लोक तुझ्याकडे बघतील. मी नाही बघणार. पण मी किती दिवस आहे?’’

एक्सेलमध्ये याला रकाना नव्हता. सत्तावीस ज्योतिषी नापास झाले, पण बोलणाऱ्या जावांची परीक्षा कोणी घेतलेली नाही. मी पर्समधून कागद काढून दिला आणि म्हटलं, ‘‘काकू, खरी आहे. अष्टमात मंगळ आहे. मला बोलणाऱ्यांना मी उत्तर देईन. तुम्ही फक्त मध्ये ‘गप बस’ म्हणू नका.’’

‘‘ते मी कोणालाच म्हणत नाही,’’ काकू म्हणाल्या. हे अगदी खरं आहे, त्यांचा मुलगाही सांगेल.

पुढचं पटकन झालं. सांगलीच्या गुरुजींनी कागद बघितला आणि म्हणाले, मकरेचा मंगळ उच्चीचा, याला दोष धरत नाहीत. साताऱ्याच्या गुरुजींना हाच मंगळ दोन वर्षं घातक वाटत होता. सव्वाशे किलोमीटरांत तो सुधारला! बाबा आता सगळ्यांना सांगतात, आम्ही खरीच पत्रिका दिली.

लग्नाची तारीख आम्ही दोघांच्या रिलीज कॅलेंडरवरून काढली. गुरुजींनी त्या दिवशी मुहूर्त शोधून दिला, 12 वाजून 17 मिनिटांचा.