वर्धा, एक डिग्री आणि एक शिक्का

‘वीकएंडला वर्ध्याला चाललेय,’ असं सांगितलं की पुण्या-मुंबईच्या दोस्तमंडळींचे चेहरे बघण्यासारखे होतात. तिथे काय आहे? माझं उत्तर तयार होतं. तिथे माझी मैत्रीण आहे आणि ती जाम टेन्शनमध्ये आहे!

मॅडमनी इंग्लंडमध्ये एम.ए. केलं, घरी परतल्या आणि मस्कतच्या एका शाळेत नोकरी पटकावली. शाळेची अट एकच, डिग्रीवर ‘अपॉस्टिल’ हवं. म्हणजे हा कागद परदेशात चालेल, असं सांगणारा सरकारी शिक्का. एका एजंटने ‘इथेच करून देतो’ म्हणत पैसे घेतले. शिक्का आला, पण मस्कतहून कागद नापास होऊन परत! ‘डिग्री खरी आहे ना माझी? मग हे लोक काय करून राहिले?’ फोनवर तिचा आवाज रडवेला झाला होता. रुजू व्हायला पाच आठवडे उरले होते. म्हटलं, निघावं.

सकाळी विदर्भ एक्स्प्रेसने वर्ध्याला उतरले. काकूंनी पोह्यांसोबत गोरसपाक पुढे केला. हे खुसखुशीत बिस्कीट म्हणजे वर्ध्याची शान. ते खात खात आम्ही फाइल उघडली आणि घोळ सापडला. एजंटने डिग्रीच्या झेरॉक्सवर इथल्या नोटरीची सही घेतली होती आणि पुढचे शिक्के त्या सहीवर चढवले होते. म्हणजे खरा ठरला तो नोटरी. डिग्री होती तिथेच!

अपॉस्टिलचा फंडा असा आहे. 1961 च्या हेग करारातून हा शिक्का आला. भारतात तो 2005 पासून लागू आहे. वर फ्रेंच मथळा, खाली दहा क्रमांकांचे रकाने. तुम्ही किती हुशार आहात, हे तो सांगत नाही. कागदावरची सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि मोहोर खरी आहे, एवढंच सांगतो. आणि इंग्लंडच्या युनिव्हर्सिटीची सही खरी आहे, हे दिल्ली कशी सांगणार? ज्या देशाचा कागद, त्याच देशाचा शिक्का. मग काय, त्याच दुपारी ओरिजिनल डिग्री कुरिअरने परत इंग्लंडला रवाना झाली. पावती हातात घेऊन ती बसून राहिली. तीन वर्षांची मेहनत आणि बाबांचं कर्ज, सगळं त्या एका पाकिटात होतं.

‘चल, सेवाग्रामला जाऊ,’ मीच म्हटलं. जेमतेम आठ किलोमीटर. 1936 मध्ये गांधीजी इथे राहायला आले. मातीच्या भिंती, वर कवेलू, अंगणात झाडांची गार सावली. बापूकुटीत आवाज आपोआप खाली येतो. साप पकडायचा चिमटासुद्धा जपून ठेवलाय. मोबाइल चेक करायचा मोह इथे खरंच कमी होतो.

झाडाखाली टेकलो तेव्हा मला ‘सत्याचे प्रयोग’मधला एक प्रसंग आठवला. तिचीच केस! गांधीजी 1891 मध्ये लंडनला बॅरिस्टर झाले. भारतात आल्यावर मुंबई हायकोर्टात नाव नोंदवताना इंग्लंडचं ओरिजिनल सर्टिफिकेट त्यांना तिथेच जमा करावं लागलं. पुढे 1894 मध्ये दक्षिण आफ्रिकेत नाताळच्या सुप्रीम कोर्टात वकिलीसाठी अर्ज केला, तर तिथल्या लॉ सोसायटीने आक्षेप घेतला की, इंग्लंडचं मूळ सर्टिफिकेट कुठाय? खरं दुखणं वेगळंच होतं. त्यांना काळ्या माणसाला आत येऊ द्यायचं नव्हतं. मुख्य न्यायाधीशांनी मात्र मुंबईचा कागद पुरेसा मानला आणि ओरिजिनल नसल्याचा आक्षेप फेटाळला.

डिग्री इंग्लंडची, घर भारतात, काम तिसऱ्याच देशात! ती पहिल्यांदा हसली. ‘म्हणजे बापूंनाही ओरिजिनल मागितलं होतं?’ मग जरा थांबून म्हणाली, ‘पण त्यांच्यापुढे आडवी माणसं होती. माझ्यापुढे फक्त प्रोसेस आहे.’ त्या शिक्क्यावर मी इतके दिवस वैतागले होते, पण ती म्हणाली ते खरं होतं. शिक्का तुमचा रंग बघत नाही.

तीन आठवड्यांनी तिचा मेसेज आला, ‘आलं!!!’ सोबत फोटो. डिग्री आणि शेजारी गोरसपाकचा पुडा.

कसं जाल? मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास. नागपूरहून रस्त्याने साधारण दोन तास. मे महिना टाळाच!

फाइल करताय? ज्या देशात जायचंय तो हेग करारात आहे का, हे आधी बघा. सौदी अरेबियात हा करार डिसेंबर 2022 पासून, तर कॅनडात जानेवारी 2024 पासून लागू झालाय. देश करारात नसेल तर दूतावासाची वारी चुकत नाही. आणि परदेशी डिग्रीवर ‘इथेच शिक्का मारून देतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.